दोन जास्तीची कलमं

सूचना आली तेव्हा मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. संस्थेच्या सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर सचिवांचा मेसेज होता. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी सकाळी दहाला शाळेच्या सभागृहात विशेष सर्वसाधारण सभा. विषय, संस्थेच्या घटनेत दोन दुरुस्त्या. पहिली अशी की, आपल्या मुलांचं शिक्षण आणि संगोपन याबाबत निर्णय घेण्याचा आई-वडिलांचा अधिकार संस्था मान्य करते. दुसरी, संस्थेच्या कोणत्याही निवडणुकीत फक्त भारतीय नागरिकच मतदान करू शकेल.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग हात धुतले आणि कपाटातून घटनेची जुनी प्रत काढली.

आमची संस्था म्हणजे फार मोठं काही नाही. शहाद्याजवळच्या एका गावात माध्यमिक शाळा आणि डोंगरातल्या मुलामुलींसाठी वसतिगृह. दोनशेच्या आसपास सभासद. त्यात गावातले शेतकरी आहेत, शहाद्याचे दुकानदार आहेत, माजी शिक्षक आहेत, पालक आहेत. मी त्या शाळेत आयुष्यभर क्लार्क होते आणि निवृत्त झाले तेव्हा हेडक्लार्क. नोकरीला लागले त्याच वर्षी आमच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी संस्थेची घटना मला तोंडी सांगून टाइप करायला लावली होती. टाइपरायटरची 'ळ'ची कळ अडकायची, म्हणून त्या प्रतीत प्रत्येक 'शाळा' शब्दातला 'ळ' मी नंतर पेनाने लिहिलेला आहे. एवढं सगळं हाताखालून गेल्यावर कुठला नियम कुठल्या पानावर आहे ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

नियम चार: अठरा वर्षं पूर्ण झालेला भारतीय नागरिक संस्थेचा सभासद होऊ शकेल. नियम सात: निवडणुकीत फक्त सभासदाला मत देता येईल. म्हणजे मत कोण देणार हे आधीच ठरलेलं आहे. नियम एकोणीस: पालकांच्या लेखी संमतीशिवाय विद्यार्थ्याला कोणत्याही कार्यक्रमास बाहेर नेऊ नये, आणि त्याच्या शिक्षणाबाबतचा कोणताही निर्णय पालकांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हेही आहे. शिवाय या दोन्ही गोष्टी देशाच्या कायद्यात आहेत, त्या आम्ही लिहिल्या काय आणि न लिहिल्या काय.

मग हे कशासाठी?

मी गटावर तसं लिहिलं. शांतपणे, नियमांचे आकडे देऊन, पानांचे फोटो जोडून. लिहायला मला पाऊण तास लागला. उत्तरादाखल अकरा जणांनी अंगठे पाठवले. त्यात सचिवांचाही अंगठा होता. आणि लगेच खाली एकाने दुरुस्त्यांना 'जाहीर पाठिंबा' दिला, त्यालाही त्याच अकरा जणांनी अंगठे पाठवले. माझा जीव नुसता चडफडला.

माझे यजमानही सभासद आहेत, आमची दोन्ही मुलं त्याच शाळेत शिकली म्हणून. ते पपईच्या शेतातून दुपारी जेवायला आले तेव्हा मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी भाकरी मोडत ऐकून घेतलं.

"लिखेल शे ना आधीच?" ते म्हणाले. "मंग आजून एकदाव लिखं ते काय बिघडस?"

पुढचे दहा दिवस मी हेच वाक्य ऐकत होते, आणखी एकदा लिहिलं तर काय बिघडतं. माणूस बदलायचा, भाषा बदलायची, वाक्य तेच. लोणखेड्याच्या निवृत्त प्राध्यापकांनी ते शुद्ध मराठीत ऐकवलं. शेजारच्या सूनबाईने हसत ऐकवलं. अध्यक्षांकडे गेले तर त्यांनीही तेच. अध्यक्ष म्हणजे शहाद्याच्या बाजारपेठेतले कापडाचे जुने व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले. माणूस सज्जन, शाळेच्या प्रत्येक खोलीसाठी काहीतरी दिलेला. त्यांनी मला दुकानात गादीवर बसवलं, चहा मागवला आणि माझं सगळं बोलणं ऐकून म्हणाले की, ताई, चांगली गोष्ट दोनदा लिहिली तर शाई जास्त जाते, बाकी काय होतं. मी म्हटलं, दोनदा लिहिलेलं वाचणारा माणूस विचार करतो की पहिल्यात काहीतरी कमी असणार. त्यावर ते म्हणाले की, असा विचार फक्त तुम्हीच करता.

मला त्या वेळी वाटलं, खरं असेल. म्हातारपणी क्लार्कला दुसरं काय सुचणार.

सचिवांना मी त्यांच्या लहानपणापासून ओळखते. आमच्याच शाळेचा विद्यार्थी, आता शहाद्याला वकिली करतो. त्याच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं ते मीच दुरुस्त करून दिलं होतं. तो वाईट मुलगा नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटायला नको. नाशिकला संस्थाचालकांच्या कुठल्यातरी मेळाव्याला गेला होता. तिथे त्याला कळलं की बऱ्याच संस्था आपापल्या घटनेत अशी कलमं घालतायत. छापील नमुनाच मिळाला. तो तसाच घेऊन आला.

मी त्याला फोन केला. म्हटलं, "आपल्या संस्थेत कधी कुणी परदेशी माणसाने मत दिलंय का?"

तो हसला. "नाही मॅडम."

"कुठल्या आई-बापाचा हक्क आपण हिरावून घेतलाय का?"

"तसं नाही मॅडम. पण लोकांची भावना आहे."

कुठल्या लोकांची, हे विचारलं तर म्हणाला, सर्वांचीच. मी फोन ठेवला. भावनेचा विषय आला की नियमांचे आकडे सांगणारी बाई मूर्ख दिसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

सभेच्या चार दिवस आधी सकाळी दारात गादीवाले चाचा उभे होते. ते पिंजारी. शहाद्यात त्यांच्या तीन पिढ्यांनी लोकांच्या गाद्या भरल्या. आमच्या वसतिगृहाच्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या, आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे दहावी झाला तेव्हापासून ते सभासद. दर वर्षी सभेला येतात, मागच्या रांगेत बसतात, काही बोलत नाहीत, चहा घेऊन जातात. त्या दिवशी त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. आधार, रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, घराचा उतारा, मुलाचा दाखला, स्वतःचा चौथीचा दाखला, तोही घडीवर फाटलेला. एकात नावापुढे एक अक्षर जास्त, दुसऱ्यात वडिलांचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं.

"ताई, माले एकच सांगा," ते म्हणाले. "कोणता कागद लागी?"

मी सांगितलं की कुठलाच लागणार नाही. तुम्ही सभासद आहात, यादीत नाव आहे, तेवढं पुरे. त्यांनी मान हलवली. पण मग त्यांनी विचारलं, तसं असेल तर नवीन काय लिहितायत? नवीन काहीच लिहीत नाहीत, असं म्हटलं तर खोटं वाटलं असतं. ते म्हणाले, "मन्हा बापना जन्म आठलाच शे, आजाना बी आठलाच," म्हणजे बाप-आजा दोघं इथलेच, आणि कागद पुन्हा पिशवीत भरायला लागले, अगदी सावकाश, पहिला होता तो खाली आणि शेवटचा वर, जसे काढले त्याच क्रमाने.

मी त्यांना रविवारी नक्की या म्हणून सांगितलं. हो म्हणाले.

त्याच दुपारी वसतिगृहातून आमच्या जुन्या स्वयंपाकीण बाईंचा फोन आला. मॅडम, इथे जरा येऊन जा, एक बाई सकाळपासून व्हरांड्यात बसलीय आणि अधीक्षक सर तिला मुलीच्या कागदावर सही करू देत नाहीत.

मी रिक्षा करून गेले. व्हरांड्यात पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, धडगावकडच्या डोंगरातल्या. पहाटे पाड्यावरून निघून, जीपने तळोद्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने आल्या होत्या. आमच्या वसतिगृहातल्या नववीच्या एका मुलीची ती काकी. मुलगी पळण्यात पटाईत. तालुक्याला पहिली आली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला नंदुरबारला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं होतं. त्यासाठी संमतीपत्र लागतं. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. दर वर्षीच जातात. मुलगी दोन वर्षांची असल्यापासून काकीजवळच वाढली. गेली पाच वर्षं प्रत्येक कागदावर काकीचाच अंगठा किंवा सही. वसतिगृहात प्रवेश घेतानाही तिचाच.

अधीक्षक तरुण होते, त्यांना येऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांचं म्हणणं असं की, आता घटनेत आई-वडिलांचा अधिकार येतोय, तेव्हा काकीची सही चालेल की नाही याची मला खात्री नाही. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल.

मी म्हटलं, "अजून काही आलेलं नाही. सभा रविवारी आहे."

"येणारच आहे ना मॅडम. सगळेच म्हणतायत."

मी त्यांना नियम एकोणीस सांगितला. ते म्हणाले, तो जुना आहे. मी म्हटलं, जुना म्हणजे रद्द झालेला नव्हे. मुलीच्या वडिलांना फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला. मागे कुणीतरी ओरडत होतं, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ते म्हणाले, जाऊ द्या तिला, तिची काकी सांगेल तसं करा. मी फोन अधीक्षकांच्या कानाला लावला. त्यांनी सगळं ऐकलं, हो हो म्हणाले आणि फोन ठेवून म्हणाले की, तोंडी नको, लेखी हवं.

सचिवाला फोन केला तर तो कोर्टात. मुख्याध्यापक म्हणाले की वसतिगृहाचा विषय अधीक्षकांचा. अध्यक्षांनी सांगितलं, मी बोलतो, आणि ते बोललेही, पण तोवर संध्याकाळ झाली होती, शाळेतून पाठवायची अंतिम यादी गेली होती आणि त्यात त्या मुलीचं नाव नव्हतं. काकीला परतीची जीप गाठायची होती. मुलगी तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघी त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलत होत्या, मला एक शब्द कळला नाही. मुलगी रडत वगैरे नव्हती. तिने काकीची पिशवी तिच्या खांद्यावर नीट बसवून दिली आणि परत आत आली.

घरी येऊन मी घटनेची प्रत पुन्हा उघडली. या वेळी अगदी पहिलं पान, व्याख्यांचं. तिथे स्पष्ट टाइप केलेलं होतं: पालक म्हणजे आई, वडील किंवा विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती. ते वाक्य सांगताना आमचे पहिले मुख्याध्यापक थांबले होते, ते मला आठवलं. पहिल्यांदा त्यांनी नुसतं आई-वडील म्हटलं होतं. मग खिडकीतून बाहेर बघून म्हणाले, नाही, खोडा ते. आपल्याकडच्या मुलांचे आई-वडील सहा महिने इथे नसतात. आणि ही ओळ सांगितली.

नव्या दुरुस्तीत 'पालक' शब्दच नव्हता. 'आई-वडील' होतं. मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते की हे तेच आहे, पुन्हा लिहिलंय, निरुपयोगी आहे. ते तेच नव्हतं. ज्याने नमुना छापला त्याला आमच्या डोंगरातली काकी माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, पण मला तरी पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मला स्वतःचाही राग आला.

रविवारी सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापकांनी दारात सह्यांचं रजिस्टर ठेवलं होतं, नेहमीसारखंच. एकशे एकतीस सह्या झाल्या. मी मागच्या रांगेकडे पाहिलं, गादीवाले चाचा आलेले नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सचिवाने छान भाषण केलं. आई-वडिलांवर बोलला, देशावर बोलला. टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष म्हणाले की ताईंना काही सांगायचंय. मी चार पानं लिहून नेली होती. पहिलं पान वाचत असतानाच समोरच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याने शेजाऱ्याला विचारलं की बाई कोणत्या बाजूने बोलतेय. मी पानं बाजूला ठेवली आणि काकीची हकिगत सांगितली, नाव न घेता. लोकांनी ऐकली. हळहळलेही. पण मग सचिवाने उठून विचारलं, "मॅडम, तुमचा आई-वडिलांच्या अधिकाराला विरोध आहे का?"

"नाही."

"मग?"

"उद्या सकाळी या शाळेत या कलमामुळे काय बदलेल, तेवढी एक गोष्ट सांग," मी म्हटलं. सगळ्यांसमोर मी त्याला अरे-तुरे केलं, ते बरोबर नव्हतं. पण माझं डोकं फिरलं होतं.

तो म्हणाला, "बदलणार काहीच नाही. स्पष्टता येईल."

"आजवर सगळं स्पष्टच होतं. या बुधवारी पहिल्यांदा अस्पष्ट झालं."

कुणीतरी मागून म्हणालं, अधीक्षकाची चूक आहे, कलमाची काय. आणि ते पुष्कळांना पटलं. मी सुचवलं की निदान 'आई-वडील'च्या जागी 'पालक' करा. सचिव म्हणाला की सूचना आधी लेखी यायला हवी होती, आता मसुदा बदलता येणार नाही. नियमाने ते बरोबर होतं. तो नियमही मीच टाइप केलेला.

मतदान झालं. पहिल्या दुरुस्तीच्या बाजूने हातांचं रानच उगवलं. विरोधात आम्ही सहा जण. बाजूने हात वर झाले तेव्हा मी मान वळवून पाहिलं, त्यात माझ्या यजमानांचाही हात होता. अगदी सरळ, शाळेतल्या मुलासारखा.

दुसऱ्या दुरुस्तीवर भाषणं सुरू झाली आणि लांबली. प्राध्यापकांना बोलायचं होतं, त्यांना उत्तर द्यायला आणखी एकाला बोलायचं होतं. तेवढ्यात लोक उठायला लागले. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लग्नसराई सुरू, आणि त्या दिवशी गावातल्याच एका घरी लग्न होतं. मंडपातून वाजंत्रीचा आवाज सभागृहात येत होता. जेवणाच्या पंगती बसल्या असं कुणीतरी सांगत आलं आणि मागच्या तीन रांगा जवळजवळ रिकाम्या झाल्या. सचिव घाईघाईने म्हणाला, चला, मतदान घेऊन टाकू.

मी उभी राहिले आणि नियम सव्वीस वाचला. घटनादुरुस्तीच्या मतदानावेळी एकूण सभासदांच्या निम्मे सभासद प्रत्यक्ष हजर पाहिजेत. डोकी मोजा, म्हटलं.

सचिवाचं तोंड उतरलं. अध्यक्षांनी मात्र दोन शिक्षकांना मोजायला लावलं. नव्वदच भरली, निम्म्याला कमी. रजिस्टरात सह्या एकशे एकतीस असल्या तरी नियमात 'प्रत्यक्ष हजर' असंच लिहिलेलं होतं. सभा तहकूब झाली आणि दुसरी दुरुस्ती बाजूला राहिली.

म्हणजे माझ्या बोलण्याने काही झालं नाही. लोकांना काही पटलं म्हणूनही नाही. लग्नाची पंगत बसली आणि मला मोजता येतं, एवढंच. काही जणांनी जाताना माझं अभिनंदन केलं, काहींनी बोलणं टाळलं. प्राध्यापक म्हणाले की तुम्ही तांत्रिक मुद्द्यावर जिंकलात. मला ते शाबासकीसारखंही वाटलं नाही आणि टोमण्यासारखंही. मला नुसता थकवा आला होता.

आम्ही मोटारसायकलवरून घरी आलो. अंगणात गाडी लावल्यावर यजमान म्हणाले, "आई-बापना हक शे का, इचारं ते मी नाही कसा म्हनू?"

मी म्हटलं, तेच तर. तुम्ही नाही म्हणूच शकत नाही, असाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले की, दुसऱ्या वेळी मात्र मी जेवायला गेलो नाही, तू मोजायला लावशील हे मला माहीत होतं. म्हटलं, म्हणजे तुम्ही थांबून एक डोकं वाढवलंत, ते माझ्या विरोधात. ते म्हणाले, "थांबनू ते तुन्हासाठेच." मला राग येऊन हसू आलं.

सोमवारी मी गादीवाले चाचांकडे गेले. ते दुकानासमोर बसून उशा शिवत होते. सभेला का आला नाहीत, हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. फाटकापर्यंत आलो होतो ताई. दारात टेबल दिसलं, रजिस्टर दिसलं, लोक रांगेत उभे दिसले. म्हटलं, इथे कागद बघत असतील. सगळ्यांसमोर परत फिरवलं तर. म्हणून आधीच परत फिरलो.

मी सांगितलं की ते तर नेहमीचं सह्यांचं रजिस्टर होतं. ते म्हणाले, हो, मला माहितेय. दर वर्षी सही करतो ना.

नागरिकत्वाची दुरुस्ती झाली नाही, असं मी सांगितलं. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि विचारलं की पुन्हा सभा घेणार का. मी म्हटलं, घेतील कदाचित. ते बरं म्हणाले.

त्या आठवड्यात मी सचिवाच्या ऑफिसात तीन वेळा गेले. पहिल्यांदा तो भेटला नाही. दुसऱ्यांदा भेटला आणि म्हणाला की कलम मंजूर झालंय, मी एकटा काय करणार. तिसऱ्यांदा मी पहिल्या पानाची झेरॉक्स त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही व्याख्या कुणी रद्द केलेली नाही. तेव्हा वसतिगृहाला एक ओळीचं पत्र दे, की संमतीसाठी पालक या शब्दाचा अर्थ पूर्वीप्रमाणेच राहील. त्याने व्याख्या वाचली. मला वाटतं, पहिल्यांदाच वाचली.

"हे माझ्या नजरेतून सुटलं, मॅडम," तो म्हणाला.

त्याने लगेच पत्र दिलं, ते मी इथे नमूद करते. आता वसतिगृहात पूर्वीसारखीच काकी-मामी-आजोबांची सही चालते. म्हणजे एक कलम नव्याने घालायचं, आणि त्या कलमाने काही बदलत नाही असं सांगणारं पत्र वर जोडायचं. एवढ्यासाठी आम्ही दोनशे माणसं पंधरा दिवस राबलो.

पत्र घेऊन मी वसतिगृहात गेले तेव्हा ती मुलगी मैदानातून येत होती, अनवाणी, केस घट्ट बांधलेले. मी तिला सांगितलं की आता काकीची सही चालेल, पुढच्या वर्षी तुला कुणी अडवणार नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली की पुढच्या वर्षी मी त्या वयोगटात बसत नाही. दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जून आहे. डोंगरातल्या अर्ध्या मुलांची एक जूनच असते. पाड्यावर कुणी तारीख लिहून ठेवलेली नसते, शाळेत नाव घालताना क्लार्क एक जून टाकतो. मीसुद्धा कित्येकांची टाकलीय. काकी म्हणते की ती भात कापायच्या दिवसांत जन्मली. खरी तारीख लिहिली असती तर तिला आणखी एक वर्ष मिळालं असतं.

"वरच्या गटात पळेन," ती म्हणाली. "तिथल्या मुली मोठ्या आहेत."

मी तिला विचारलं की सरांचा राग आला का. तिने खांदे उडवले आणि विचारलं की, मॅडम, त्या कागदावर नवीन काय लिहिलंय? मी सांगितलं, मुलांवर आई-वडिलांचा हक्क आहे, असं लिहिलंय.

"ते तर आहेच," ती म्हणाली, आणि घंटा झाली म्हणून पाय धुवायला नळाकडे गेली.

मी ऑफिसात जाऊन पत्र फाइलला लावलं. आवक रजिस्टरात नोंद करायला नव्या क्लार्कला सांगितलं. तो म्हणाला, ठेवा मॅडम, नंतर करतो. मी म्हटलं, नंतर नाही, आत्ता. आणि नोंद होईपर्यंत त्याच्या समोर उभी राहिले.